आमच्या पोरांना प्रोजेक्ट द्या, नुसतं बाइंडिंग नको : रसायनशास्त्र अभ्यास मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, रसायनशास्त्र अभ्यास मंडळाचे सदस्य आणि विद्या परिषदेवरचे सगळे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं फील्ड प्रोजेक्टबद्दलचं परिपत्रक माझ्या जुन्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. पीडीएफ तिरकी स्कॅन केलेली, शिक्का अर्धा कापला गेलेला, पण मजकूर वाचता येत होता. मला त्यातल्या तीन गोष्टी खटकल्या. ज्या कॉलेजात ‘पुरेशा संशोधन सुविधा’ नाहीत तिथल्या बीएस्सी केमिस्ट्रीच्या मुलांनी प्रयोग न करता वीस पानांचा संदर्भ-आढावा लिहून दिला तरी चालेल, क्रेडिट मिळतील. चौथ्या वर्षाचं ‘ऑनर्स विथ रिसर्च’ फक्त यादीतल्या कॉलेजांत, आणि यादीतली झाडून सगळी कॉलेजं जिल्ह्याच्या गावची. आणि तरीही ज्यांना प्रयोगच करायचाय त्यांचा रसायनांचा आणि काचसामानाचा खर्च ‘विद्यार्थ्यांच्या सहभागातून’ भागवावा.

ग्रुपवर दोघातिघांनी हात जोडलेले इमोजी टाकले, एकाने ‘बरं झालं, पोरांच्या डोक्याचा ताप गेला’ लिहिलं, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला आणि विषय संपला. माझ्यापुरता तो संपला नाही म्हणून हे लिहितेय. तुम्हाला ईमेल केलाय, पण ईमेलचं काय होतं ते आपल्याला सगळ्यांनाच माहितीये, म्हणून उघडं पत्र.

मी याच विद्यापीठाची. विदर्भ आणि मराठवाड्याच्या सीमेवरचं एक तालुक्याचं कॉलेज, नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना उद्या माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागू नये. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई-बाबा दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायचे, सुट्टीत मीही जायचे. आज मी एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे, दिवसभर एचपीएलसी या औषध तपासायच्या मशीनसमोर असते, आणि फ्रेशर घ्यायचे असले की इंटरव्ह्यूला मलाही बसवतात. माझी मावसबहीण आत्ता त्याच कॉलेजात टीवायला आहे, केमिस्ट्रीलाच, आणि तिच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं आमच्यासारखीच, म्हणजे आदिवासी, दलित, भटक्या समाजातली नाहीतर शेतमजुराच्या घरातली. त्यामुळे तुमचं हे परिपत्रक माझ्या घरात येऊन पडलंय असं समजा.

आमच्या वेळी फील्ड प्रोजेक्ट हा प्रकार अभ्यासक्रमात नव्हता. आमच्या सरांनी ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी म्हणून आम्हा चारपाच जणांना गोळा केलं आणि विचारलं, तुमच्या गावाकडे पाण्याचं काय? आमच्याकडे, म्हणजे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या त्या सगळ्या पट्ट्यात, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघतं. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात आणि लहानपणी आम्हाला वाटायचं की दात असेच असतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या गावांचा आकडा किती, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

काम साधं होतं. स्पॅड्न्स नावाचं रंगद्रव्य आणि झिरकोनियम यांचं लालभडक द्रावण असतं, पाण्यात फ्लोराइड असलं की ते झिरकोनियमला स्वतःकडे ओढून घेतं आणि लाल रंग उतरतो, जितका रंग फिका तितकं फ्लोराइड जास्त, आणि तो फिकेपणा ५७० नॅनोमीटरच्या आसपास मोजायचा. आमच्याकडे यूव्हीसारखं मोठं मशीन वगैरे काही नव्हतं, रंगाचा गडद-फिकेपणा मोजणारा जुना कलरीमीटर होता, त्याचा काटा हलायच्या आधी त्याला टपली मारावी लागायची. डिस्टिलेशनचं युनिट बंद, म्हणून डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानातून कॅनने आणायचं. फ्लोराइडचे नमुने काचेच्या बाटलीत ठेवायचे नसतात, म्हणून पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या गोळा करून, धुऊन, त्यावर मार्करने गावाचं नाव लिहायचं.

आता एक किस्सा सांगते, सगळ्या पत्राचा जीव त्यात आहे. एका गावात बोअरचं पाणी टाकीत चढवतात, म्हणजे पाणी एकच. पण टाकीच्या नळाचा आकडा बोअरच्या जवळजवळ दुप्पट आला. परत केलं, परत तेच. सर पुस्तक उघडून बसले, आणि त्या गावची जी मुलगी आमच्यात होती ती म्हणाली, सर, नमुना घेतला त्या सकाळीच ग्रामपंचायतीच्या शिपायाने टाकीत टीसीएल पावडर टाकली होती. झालं! टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, तिच्यातला क्लोरीनही त्या लाल रंगाला उडवतो, रंग उडाला की कलरीमीटरला वाटतं फ्लोराइडच आहे. पुस्तकात ते एका ओळीत लिहिलेलं होतंच. पण ती ओळ कुठे लागू करायची हे त्या पोरीला कळलं कारण तिला तो शिपाई आणि त्याची वेळ माहिती होती. दुसऱ्या दिवशी पावडर पडायच्या आधी नमुना आणला, आकडे जुळले. मोठ्या शहरातल्या भारी मशीनवर हेच नमुने गेले असते तर कदाचित तो चुकीचा आकडा चार दशांश स्थळांपर्यंत अचूक छापून आला असता.

आश्रमशाळेमागच्या हातपंपाचा आकडा १.५ च्या बराच वर निघाला. आम्ही कागद घेऊन ग्रामसेवकाकडे गेलो, त्याने ठेवून घेतला, पुढे काय झालं ते वेगळंच रडगाणं आहे. आविष्कारला आमचं पोस्टर जिल्ह्याच्या पुढे गेलं नाही. पण त्या कामानंतर मला कुणी ‘ब्लँक का घ्यायचा’, म्हणजे नमुना न घालता तीच चाचणी आधी का करायची, असं विचारलं की मला उत्तर पाठ करावं लागलं नाही, आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूत मला नेमका तोच प्रश्न आला. आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते आणि तोच प्रश्न विचारते. पंचाहत्तर-ऐंशी टक्के घेतलेली पोरं व्याख्या म्हणून दाखवतात आणि मग गप्प होतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्या जर्नलमधली सगळी रीडिंग्ज गेल्या वर्षीच्या जर्नलमधून आलेली असतात.

तर आता तक्रारी, एकेक करून.

पहिली, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी, तो वीस पानांचा आढावा. तुम्हालाही माहितीये आणि मलाही, कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या तीन वर्षांचे ‘प्रोजेक्ट’ पेनड्राइव्हमध्ये पडलेले असतात. नाव बदला, रोल नंबर बदला, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, झाला प्रोजेक्ट. आभार-प्रदर्शनात कधीकधी आधीच्या मुलाच्या आईवडिलांची नावं तशीच राहतात. परिपत्रकाने आता यालाच रीतसर परवानगी मिळालीये. संदर्भ-आढावा वाईट नसतो, पण ज्या कॉलेजात एकही जर्नल उघडत नाही, नेट चालू असेल तर चालू, तिथल्या मुलाने आढावा घ्यायचा कशाचा? प्रयोगापेक्षा आढावाच आमच्याकडे जास्त अवघड आहे. दोन क्रेडिट म्हणजे ६० तासांचं काम होतं हो, ६० तासांत पोरं गावातल्या पंचवीस विहिरींचं पाणी तपासतील.

दुसरी तक्रार यादीबद्दल. यूजीसीची चौकट मी वाचलीये. ऑनर्स विथ रिसर्च द्यायचं तर विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायमचे प्राध्यापक हवेत, लॅब हवी, आणि विद्यार्थ्याला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के हवेत. कागदावर नियम बरोबर वाटतो. पण आमच्या विभागात कायमचे प्राध्यापक किती उरलेत ते तुम्हीच बघा, भरती आम्ही थांबवली नव्हती. जागा भरायच्या नाहीत आणि मग जागा नाहीत म्हणून कोर्स द्यायचा नाही, याला काय म्हणायचं? यादीतलं सगळ्यात जवळचं कॉलेज आमच्या तालुक्यापासून एसटीने अडीच तासांवर आहे. हॉस्टेल मिळालं तर ठीक, नाहीतर खोली, मेस, आणि घरून ‘पोरगी एकटी राहणार का’ हा प्रश्न. बारा क्रेडिटचं संशोधन ज्यांना मिळतं त्यांना मिळतं, बाकीच्यांना त्याऐवजी आणखी तीन पेपर. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर फक्त पेपरच दिलेत त्यांना अजून पेपर.

७५ टक्क्यांचं तर बोलूच नका. कापूस वेचणी आणि सेमिस्टर परीक्षा दरवर्षी एकाच वेळी येतात. जी मुलगी सकाळी वेचणीला जाऊन दुपारी प्रॅक्टिकलला पोचते तिला ६४ टक्के पडले तर तिच्यात संशोधक नाही हे कुणी ठरवलं? टीसीएलवालीला ७५ नव्हते.

तिसरं, पैसे. स्मार्ट बोर्डाला निधी येतो, त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतात. एका बोर्डाच्या पैशात साधे डिजिटल कलरीमीटर कितीतरी येतील. आमचा अख्खा प्रोजेक्ट ज्यावर झाला त्यातली सगळ्यात महाग वस्तू ती रिएजंटची बाटली होती आणि ती सरांनी खिशातून आणली. आता तुम्ही म्हणताय तो खर्च मुलांनी करावा. ज्यांची शिष्यवृत्ती शिक्षण संपल्यावर खात्यात येते त्यांनी?

चौथं, बाहेरच्या संधी. देशात या वयाच्या पोरांसाठी खरंच चांगल्या गोष्टी आहेत, आणि त्या गुपितं नाहीत. मुंबईला मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात एनआययूएस म्हणून कार्यक्रम २००४ पासून चालतो, केमिस्ट्रीचा वेगळा गट आहे, प्रवास आणि राहण्याची सोय ते करतात. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये तर ‘प्रोजेक्ट ओरिएंटेड केमिकल एज्युकेशन’ असं नावच आहे, बीएस्सीच्या सुरुवातीलाच मुलं निवडतात आणि तीन उन्हाळे त्यांच्याकडून संशोधन करून घेतात. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेची शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० खास उन्हाळी प्रोजेक्टसाठी, पण ती बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलेल्यांना, तिथे आमच्या ज्युनिअर कॉलेजातलं कोण असणार. बाकीच्यांच्या नोटिसा आमच्या बोर्डावर मी तीन वर्षांत कधी पाहिल्या नाहीत. आणि कळलं तरी अर्ज इंग्रजीत, ‘तुम्हाला कशात रस आहे’ यावर टिपण लिहा, शिक्षकाचं शिफारसपत्र जोडा. ज्या मुलीने कधी प्रोजेक्टच केला नाही ती कशात रस आहे म्हणून लिहिणार? त्यात आपली उन्हाळी परीक्षा कधी मे तर कधी जूनपर्यंत लांबते आणि तिकडचं काम मे महिन्यातच सुरू होतं. आणि तोच तेंदूपत्त्याचा सीझन, घरात वर्षाचा रोख पैसा येतो तो त्या दिवसांत. पोरगी दोन महिने बेंगलोरला गेली तर तो पैसा गेला, वर तिकीट आधी आपल्या खिशातून काढायचं. हे गणित तुमच्यापैकी कुणाच्या घरात कधी झालं असेल तर मला आनंदच आहे, पण परिपत्रकात ते दिसत नाही.

पाचवं, भाषा. प्रोजेक्ट इंग्रजीत, व्हायव्हा इंग्रजीत. आमची पोरं केमिस्ट्रीत अडत नाहीत, ‘इट इज ऑब्झर्व्हड दॅट’ मध्ये अडतात, मग झेरॉक्सवाला आठवतो. एवढंच.

मध्येच एक जुनी गोष्ट, कारण यातल्या काही जणांनी ८ मार्चला तिच्यावर भाषणं केली असतील. कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने बाई म्हणून प्रवेश नाकारला, नाकारणारे खुद्द सी. व्ही. रामन. ती अडून बसली तेव्हा घेतलं, पण पहिलं वर्ष अटींवर, काम बघून मग ठरवू म्हणून. १९३९ ला केंब्रिजची पीएचडी झाली. पुढे परत येऊन तिने काम कशावर केलं तर नीरेवर, आदिवासी बायका-पोरांच्या कुपोषणाला ती उपयोगी पडते का यावर, आणि त्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तिला एक वर्ष अटीवर का होईना, लॅबमध्ये उभं तरी राहू दिलं होतं. आमच्या पोरींना तुम्ही लॅबमध्ये न येताच पास करायला निघालाय.

मला कुणी म्हणेल, ताई, परिपत्रक तर मुलांच्या सोयीसाठी आहे, लहान कॉलेजांवर ओझं नको म्हणून. हेतू चांगला असेल, मी धरून चालते. पण सोय नेहमी याच बाजूला का होते? शहरातल्या कॉलेजला सोय म्हणून मशीन मिळतं, आम्हाला सोय म्हणून काम माफ. पदवी दोघांची एकच, आणि कंपनीच्या गेटवर दोघं एकाच रांगेत उभे राहतात.

आणि केमिस्ट्री तर असा विषय आहे की आमच्या तालुक्यात प्रोजेक्टच्या विषयांचा दुष्काळ नाहीये. पाण्यातलं फ्लोराइड झालं, नायट्रेट आहे. नीरीने, म्हणजे आपल्या नागपूरच्याच पर्यावरण संशोधन संस्थेने, तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत बसवली, ती आमच्या बोअरच्या पाण्यावर किती चालते ते बघायला तुरटी आणि चुना किराणा दुकानात मिळतात. कापसावर फवारणी करताना द्रावणाचा सामू किती असतो, मोहफुलात साखर किती, हळदीत भेसळ आहे का, शेतातल्या मातीत सेंद्रिय कर्ब किती. ब्युरेट, पिपेट, वजनकाटा आणि कलरीमीटर एवढ्यावर यातलं बरंच होतं. ‘पुरेशा संशोधन सुविधा’ म्हणजे दरवेळी एनएमआरसारखं मोठं मशीन नसतं हो.

आता मागण्या. यातली एकही चंद्र आणून द्या अशी नाही.

प्रयोगाऐवजी आढावा चालेल ही सवलत मागे घ्या. आढावा ज्याला घ्यायचा त्याने जरूर घ्यावा, पण प्रत्येक मुलाच्या प्रोजेक्टमध्ये त्याने स्वतः घेतलेली रीडिंग्ज हवीत, तारखेसकट, चुकलेली आणि खोडलेली सुद्धा, आणि व्हायव्हा त्या कच्च्या वहीवर घ्या, बाइंडिंगवर नको.

ऑनर्स विथ रिसर्चसाठी तालुक्याच्या कॉलेजांचे गट करा. गाइड विद्यापीठाचा किंवा यादीतल्या कॉलेजचा, काम आमच्या लॅबमध्ये, रोजची देखरेख आमच्या सरांची, मोठं मशीन लागेल तेव्हा ठरलेल्या आठवड्यात मुलांनी तिकडे जायचं. यूजीसीच्या नियमात हे बसत नसेल तर तसा प्रस्ताव विद्यापीठाने यूजीसीकडे पाठवावा, नियम आहे म्हणून हात वर करू नयेत. आणि रिकाम्या जागांचं आम्ही शासनाकडे मागतोच आहोत, तुम्हीही लेखी मागा.

मुलांकडून एक रुपयाही घेऊ नका. प्रत्येक कॉलेजला केमिस्ट्री प्रोजेक्टसाठी वेगळा छोटा निधी द्या आणि खर्चाची पावती मागा, आम्हाला हिशोब द्यायला लाज नाही.

प्रोजेक्ट आणि व्हायव्हा मराठीत देता येईल असं स्पष्ट लिहा. ‘देण्यास हरकत नाही’ असं नको, त्या वाक्याचा अर्थ आमच्याकडे ‘नको’ असाच लावला जातो.

उन्हाळी फेलोशिपला निवड झालेल्या मुलाची परीक्षा आड येत असेल तर त्याला वेगळी तारीख द्या, तिथलं काम इंटर्नशिपच्या क्रेडिटमध्ये धरा, जायचं तिकीट विद्यापीठाने आधी काढून द्यावं. आणि प्रत्येक विभागात एका शिक्षकावर या नोटिसा मुलांपर्यंत पोचवायची आणि अर्ज भरून घ्यायची जबाबदारी टाका, त्याचे तास त्याच्या वर्कलोडमध्ये धरा, नाहीतर तेही तासिकावाल्या एखाद्या मॅडमच्या गळ्यात फुकट पडेल.

शेवटचं, कुठल्या कॉलेजातून, कुठल्या प्रवर्गातले, किती मुलं-मुली संशोधनाच्या वर्षाला गेली ते दरवर्षी वेबसाइटवर टाका. आकडे लपवायचे नसतात, हे आम्हाला केमिस्ट्रीतच शिकवलंय.

मी दोन्ही बाजूंनी काम करायला तयार आहे. आमच्यासारखे बरेच जण कंपन्यांच्या लॅबमध्ये आहेत, शनिवार-रविवार येऊन पोरांना कॅलिब्रेशन कसं करायचं ते दाखवू, कंपनीतून बाद झालेला पण चालू असलेला एखादा पीएच मीटर मिळतो का ते बघू. पण हे सगळं प्रोजेक्ट असेल तरच.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे परिपत्रक फेरविचारासाठी घ्या, लहान कॉलेजातल्या दोन शिक्षकांना आणि दोन विद्यार्थ्यांना त्या बैठकीला बोलवा, आणि इतिवृत्त सगळ्यांना वाचता येईल असं वेबसाइटवर टाका. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी व्हावं ही विनंती, कारण एकदा का झेरॉक्सवाल्याकडे ऑर्डर गेल्या की हे वर्षही गेलं.

आपली,
बीएस्सी केमिस्ट्रीची एक माजी विद्यार्थिनी